जिभेखालचा थर्मामीटर: दोनशे रुपयांत काय बघून घ्यायचं

मेडिकलच्या काउंटरवर थर्मामीटर मागितला की दुकानदार दोन-तीन खोकी समोर ठेवतो. एक दीडशेचा, एक अडीचशेचा, आणि शेजारी कपाळासमोर धरायची ‘गन’, जिची किंमत यांच्या चौपट-पाचपट. मागे रांग असते, घरी कोणीतरी तापाने फणफणलेलं असतं, आणि निवड होते खोक्यावरच्या चित्रावरून. हे शांतपणे, ताप नसताना घ्यायचं सामान आहे.

आमचं मत आधीच सांगतो. घरात मोठी माणसं आणि चार-पाच वर्षांच्या पुढची मुलं असतील तर जिभेखाली धरायची साधी डिजिटल कांडी पुरते. ती दीडशे ते तीनशे रुपयांत चांगली मिळते. त्याच्यावर मोजलेले पैसे बहुतेक वेळा वेगाचे, दिव्याचे आणि मोबाइल ॲपचे असतात. ताप चुकीचा दिसतो तेव्हा दोष सहसा कांडीचा नसतो. नुकताच प्यायलेला चहा, उघडं तोंड, घाई, आणि विदर्भात तर मे महिन्याची खोली, ही खरी कारणं. म्हणून या लेखात विकत घेण्याइतकीच जागा वापरण्याला दिली आहे.

आत काय असतं ते कळलं की खोक्यावरचा मजकूर नीट वाचता येतो. धातूच्या टोकाच्या आत थर्मिस्टर नावाचा मोहरीएवढा तुकडा चिकटवलेला असतो. तो गरम झाला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. दोन केसासारख्या तारा तिथून मागच्या छोट्या सर्किटपर्यंत जातात, सर्किटवरची चिप रोध मोजून त्याचं तापमान करते आणि पडद्यावर आकडा येतो. मागच्या टोपणाखाली एक बटण सेल, एक पिटुकला बझर, एक बटण. दीडशेच्या कांडीत हेच असतं आणि पाचशेच्या कांडीतही बहुधा हेच. थर्मिस्टर स्वस्त आणि टिकाऊ असतो, म्हणून स्वस्त थर्मामीटर म्हणजे खोटा थर्मामीटर असं समीकरण इथे बसत नाही.

खोक्यावर सगळ्यात आधी अचूकतेची ओळ शोधा. ‘अधिक-उणे ०.१ अंश सेल्सिअस’ किंवा ‘अधिक-उणे ०.२ अंश फॅरनहाइट’ असं लिहिलेलं हवं. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, कारण सेल्सिअसचा ०.१ अंश म्हणजे फॅरनहाइटचा ०.१८. फसगत होते ती इथे: एका खोक्यावर ०.१ आणि दुसऱ्यावर ०.२ दिसलं की गिऱ्हाईक ०.१ वाला उचलतो, पण एक सेल्सिअसमध्ये आणि दुसरा फॅरनहाइटमध्ये असेल तर दोघे सारखेच असतात. एकक बघून मगच तुलना करा. ‘अधिक-उणे ०.२ अंश सेल्सिअस’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते दुप्पट ढिलं आहे. त्याच किमतीत ०.१ वाला मिळतो, तो घ्या. अचूकतेची ओळच नसेल तर खोकं परत करा.

आतल्या पत्रकात हीच ओळ जरा लांब असते. ०.१ ची हमी साधारण ३५.५ ते ४२ अंश सेल्सिअस या पट्ट्यापुरती असते, त्याच्या बाहेर ०.२ धरलेली असते. तापाचं सगळं कामकाज याच पट्ट्यात चालतं, म्हणून काळजी नाही. पण त्याच पत्रकात खोलीचं तापमान किती असावं हेही दिलेलं असतं, आणि ते कोणी वाचत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे लेबल. २०२० पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली येतात. म्हणून खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, महिना-वर्ष आणि छापील किंमत हवी. परवान्याचा क्रमांक बघायची सवय लावून घ्या; नुसतं चकचकीत खोकं आणि कोपऱ्यात देशाचं नाव असलेला माल टाळलेला बरा. छापील किमतीवर मात्र भरवसा ठेवू नका. ती पूर्वी कशीही फुगवलेली असे. कोविडच्या काळात, जुलै २०२१ मध्ये, राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने डिजिटल थर्मामीटरसह पाच उपकरणांवरचा व्यापारी नफा वितरकाच्या किमतीवर ७० टक्क्यांपर्यंत बांधला होता, यावरून काय चाललं होतं याचा अंदाज येईल. चारशे छापून ‘फक्त तुमच्यासाठी दोनशे’ म्हणणं ही सूट नव्हे, तोच त्याचा भाव आहे.

ओम्रॉन, अलीगढची हिक्स, डॉ. मोरपेन, डॉ. ट्रस्ट ही नावं बहुतेक दुकानांत दिसतात. अमुकच घ्या असं आम्ही सांगणार नाही. वरची अचूकतेची ओळ, परवाना आणि खाली दिलेली दुकानातली तपासणी यात जो बसेल तो चालेल.

दुकानातली तपासणी म्हणजे खोकं उघडून बटण दाबणं. दाबल्याबरोबर पडद्यावर क्षणभर १८८.८ असा आकडा येतो, सोबत इतर सगळ्या खुणा. हा ताप नव्हे. पडद्यावरची एकूण एक रेघ पेटते का हे दाखवण्यासाठी तो असतो, आणि याच्याकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. पडद्यावरचा प्रत्येक अंक सात रेघांचा बनतो. आठमधली मधली आडवी रेघ मेली तर आठचा शून्य होतो, मग १००.८ ताप १००.० दिसतो. वरची आडवी रेघ मेली तर सातचा एक होतो, १०१.७ चा १०१.१. आठमधली डावीकडची खालची रेघ गेली की आठचा नऊ. आकडा अगदी खरा वाटतो, म्हणून संशयही येत नाही. असं का होतं? पडदा आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची एक पट्टी असते, तिच्यातून वीज जाते. कांडी पडली किंवा आत ओल गेली की त्या पट्टीचा स्पर्श तुटतो. तेव्हा १८८.८ मधले तिन्ही आठ पूर्ण आणि ठळक दिसत असतील तरच कांडी घ्या. घरीही दर वेळी चालू करताना नजर तिथेच ठेवा, अर्ध्या सेकंदाचं काम आहे.

१८८.८ नंतर बऱ्याच कांड्या मागचं रीडिंग दाखवतात आणि मग ‘लो’ किंवा इंग्रजी ‘एल’ लुकलुकत राहतो. ‘लो’चा अर्थ टोक ३२ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे सुमारे ९० फॅरनहाइटच्या, खाली आहे, कांडी तयार आहे. बिघडलेली नाही. तोंडात धरूनही ‘लो’ हलत नसेल तर मात्र तार तुटली. वरच्या टोकाला, ४२ किंवा ४२.९ च्या पुढे, ‘हाय’ किंवा ‘एच’ येतो.

आता पैसे कुठे देऊ नयेत. दहा सेकंदांत ताप सांगणारा थर्मामीटर हा बहुतेक वेळा अंदाज बांधणारा असतो: टोक किती भराभर तापतंय हे बघून शेवटी किती होईल याचं गणित चिप करते. टोक नीट बसलं असेल तर अंदाज चांगला येतो. ते हललं, तोंड उघडलं, की गणित चुकतं, आणि चुकलेलं कळत नाही. साठ सेकंदवाला खरोखर तापून तो आकडा दाखवतो. घरी पन्नास सेकंद वाचवून काय मिळणार? लवचीक टोक हे लहान मुलांसाठी आणि झटकन मान फिरवणाऱ्यांसाठी खरंच बरं, पण उगाच वाकवत राहिलं की आतल्या तारा थकून तुटतात. मोठ्यांच्या घरात ताठ टोक जास्त वर्षं टिकतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकाचा उपयोग फक्त ज्यांना निकेलचा त्रास होतो त्यांना. दोन गोष्टींसाठी पाच-पंचवीस रुपये जास्त द्यावेत: पाण्याने धुता येणारी कांडी, आणि मागचं टोपण उघडून सेल बदलता येणारी कांडी. काही अगदी स्वस्त कांड्यांत सेल बदलताच येत नाही. घट्ट बसणारी प्लास्टिकची डबीही हवी, नाहीतर टोक ड्रॉवरमधल्या चाव्यांत लोळतं.

कपाळासमोरची गन कातडीचा पृष्ठभाग मोजते. घाम, पंख्याचा वारा, उन्हातून येणं, धरण्याचं अंतर, या सगळ्याने तिचा आकडा हलतो, आणि तिच्यात वस्तूंचं तापमान मोजायचा वेगळा मोड असतो तो चुकून चालू राहिला तर ताप कधीच दिसत नाही. झोपलेल्या बाळाला न उठवता अंदाज घ्यायला ती ठीक. घरात एकच थर्मामीटर असणार असेल तर तो गन नको.

काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर अजून अनेक घरांत आहे आणि त्याच्यावर लोकांचा जीव आहे, कारण त्याला सेल लागत नाही आणि तो शांतपणे खरं सांगतो. तरीही नवा घेऊ नका. पाऱ्यावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि त्या कराराने पाऱ्याच्या थर्मामीटरांचं उत्पादन आणि आयात-निर्यात संपवायचं ठरवलं. घरचा फुटला तर केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वापरू नका, दोन्हींनी पारा आणखी पसरतो. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, मुलांना बाहेर पाठवा, जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा. न फुटलेला जपून ठेवा. नव्या कांडीची परीक्षा घ्यायला तो कामाचा आहे.

जिभेखाली कुठे

जीभ वर उचलली की मधोमध एक शीर ताणलेली दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना, अगदी मागे, दोन खोलगट जागा आहेत. टोक तिथे जायला हवं, डावीकडे किंवा उजवीकडे. त्या जागेजवळून मोठी रक्तवाहिनी जाते म्हणून तिथलं तापमान शरीराच्या आतल्या तापमानाच्या मागोमाग चालतं. दातांच्या मागे, जिभेच्या शेंड्याखाली टोक ठेवलं तर आकडा सहज अर्धा-एक अंश फॅरनहाइट कमी येतो. हीच घरोघरची सगळ्यात मोठी चूक आहे. ओठ मिटा, दातांनी कांडी चावू नका, नाकाने श्वास घ्या, बोलू नका. सर्दीने नाक चोंदलं असेल आणि तोंडाने श्वास चालू असेल तर तोंडात मोजायचं सोडून द्या, काखेत मोजा.

मोजण्याआधी किमान पंधरा, जमल्यास तीस मिनिटं चहा-कॉफी, गार पाणी, आइस्क्रीम, गुळण्या, विडी-सिगरेट, तंबाखू-पान, च्युइंगम काही नको. आजाऱ्याला आपण सतत गरम पेज, काढा, कोमट पाणी देत असतो, त्यामुळे ही अट पाळायची तर आधी मोजायचं आणि मग प्यायला द्यायचं असा क्रम लावावा लागतो.

बीप म्हणजे काय हेही समजून घ्या. बऱ्याच कांड्यांत अमुक सेकंदांत (पत्रकात बहुधा सोळा दिलेले असतात) आकडा ०.१ अंश सेल्सिअसनेही वाढला नाही, तर चिप समजते की झालं, आणि बझर वाजवते. टोक चांगलं टेकलं असेल तर हे बरोबर. पण टोक अर्धवट लागलं असेल तर ते हळूहळू तापतं, वाढ मंद असते, आणि चिप लवकर फसते. मग ९९.१ ला बीप वाजते आणि ताप असतो १००.४. उपाय सोपा: बीप वाजली तरी काढू नका. खरोखर मोजणारी कांडी बीपनंतरही वर चढत राहते. तोंडात एकूण तीन मिनिटं, घड्याळ लावून. काखेत पाच. एकाच पद्धतीने दर वेळी मोजलं की कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवता येतो.

पुन्हा मोजायचं असेल तर कांडी बंद करून परत चालू करा. ती सापडलेला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवते, तोंडातून काढल्यावर वाचता यावा म्हणून. बंद केल्याशिवाय नवं मोजमाप सुरू होत नाही. घरात दोघे आजारी असताना एकाचा १०२ दुसऱ्याच्या नावावर लागतो तो यामुळेच.

मे महिन्यातला खोटा ताप

सर्वांत मोठा आकडा धरून ठेवण्याच्या या सवयीतून उन्हाळ्यात एक गंमत नसलेली गोष्ट घडते, आणि अकोला, नागपूर, चंद्रपूर, जळगाव, परभणीच्या घरांत ती दर वर्षी घडत असणार. बाहेर ४५ अंश सेल्सिअस, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३९-४०. कांडी कपाटावर पडलेली आहे, म्हणजे तिचं टोकही ३९-४० अंशांवर आहे. बटण दाबलं की ‘लो’ येतच नाही. थेट १०२ ते १०४ फॅरनहाइट दिसतं. जिभेखाली गेल्यावर टोक खरं म्हणजे थंड होतं, कारण शरीर ३७ वर आहे, पण कांडीला खाली उतरायची परवानगीच नाही. ती पहिला आकडा धरून बसते. ताप नसलेल्या माणसाला १०३ ताप ‘निघतो’, गोळ्या सुरू होतात, घर घाबरतं. खोली ३८ वर असेल तर हाच खोटा ताप १००.४ दिसतो, आणि तो तर कोणालाही खरा वाटेल.

पत्रकातल्या खोलीच्या तापमानाच्या ओळीचा अर्थ हा आहे. एसी नसेल तर असं करा. माठातल्या पाण्यात टोक अर्धा मिनिट धरा. माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार असतं, ते इथे उत्तम. कोरड्या सुती कापडाने पुसा. आता बटण दाबा. ‘लो’ दिसलं पाहिजे. दिसलं की लगेच, टोक हवेत तापायच्या आत, जिभेखाली. टोकाचं वजन फार कमी असतं, ते एक-दोन मिनिटांत पुन्हा खोलीएवढं गरम होतं, म्हणून ‘लो’ आणि जिभेखाली यात गप्पा नकोत. क्रम मात्र हाच: आधी गार, मग चालू. चालू करून मग गार केलं तर धरलेला आकडा तसाच राहतो.

फ्रिजमध्ये ठेवणं हा उपाय नव्हे. बाहेर काढली की तिच्यावर दव जमतं, ते टोपणातून आत जातं, आणि अतिगार टोक जिभेखालची जागाच गार करतं. गाडीच्या डॅशबोर्डवर, देवघरातल्या समईजवळ, गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर ठेवू नका.

उलटी बाजू महाबळेश्वर किंवा नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेची. तेव्हा टोक आणि तोंड दोन्ही गार असतात, म्हणून मोजण्याआधी दोन मिनिटं तोंड मिटून बसवायचं आणि वेळ पूर्ण द्यायचा, बस.

घरच्या घरी परीक्षा

नवी कांडी बरोबर आहे का हे बघायला काहीजण ती उकळत्या पाण्यात बुडवतात, काही बर्फात. दोन्ही व्यर्थ. कांडी ३२ ते ४२.९ च्या पलीकडे आकडाच दाखवत नाही. उकळत्या पाण्याने टोकाचा चिकट जोड मात्र उघडतो आणि तिथून पुढे ओल आत जात राहते. ओल गेलेल्या थर्मिस्टरचा रोध खोटाच कमी भरतो, म्हणून अशी कांडी हळूहळू जास्त ताप दाखवू लागते.

खरी परीक्षा कोमट पाण्यात होते. मोठ्या पातेल्यात दोन-तीन लिटर पाणी घ्या, हाताला जेमतेम कोमट लागेल असं, साधारण ३८ अंश. नवी कांडी आणि दुसरा एखादा भरवशाचा थर्मामीटर, शेजाऱ्यांचा असो वा घरचा पाऱ्याचा, रबरबँडने एकत्र बांधा, टोकं एकाच पातळीवर. दोघांची टोकं दोन-तीन सेंटिमीटर बुडवून पाणी हळू ढवळत राहा, तीन मिनिटं. पाणी निवत असतं आणि दोघेही सर्वांत मोठा आकडा धरतात, म्हणून एकाच क्षणी बुडवणं महत्त्वाचं. एकामागून एक बुडवले तर तुलना फुकट. पाऱ्याचा असेल तर आधी झटकून ९५ च्या खाली आणा, आणि पाणी कोमटच आहे याची खात्री करा, गरम पाण्यात तो फुटतो. कांडी धुता येणारी नसेल तर टोकाच्या वर पाणी चढू देऊ नका.

दोघांची चूक ०.२ फॅरनहाइट धरली तर एकमेकांत ०.४ पर्यंत फरक पडू शकतो. तेवढा चालतो. ०.६ किंवा जास्त आला, आणि पाणी बदलून पुन्हा दोनदा तसाच आला, तर तिसरा थर्मामीटर आणा. जो एकटा पडेल तो चुकीचा. प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घेण्याचा खर्च कांडीच्या किमतीहून कितीतरी जास्त आहे, घरासाठी तो विचार सोडा. चुकीची निघाली तर बदलून घ्या. म्हणून ही परीक्षा पावतीची शाई वाळायच्या आत, घेतल्या दिवशीच करायची.

सेल बहुतेक कांड्यांत एलआर ४१ असतो, दीड व्होल्टचा, ७.९ मिलिमीटर व्यासाचा. दुकानात त्यालाच एजी ३ किंवा १९२ म्हणतात, तेव्हा ‘एलआर ४१ नाही, एजी ३ आहे’ असं ऐकलं तर निमूट घ्या. दहा-वीस रुपयांना मिळतो. कोपऱ्यात बॅटरीची किंवा त्रिकोणाची खूण आली, किंवा आकडे फिके पडले, की त्या दिवशीचं रीडिंग मानू नका, सेल बदला. मागचं टोपण ओढून काढा, जुना सेल लाकडी काडीने उचका (धातूच्या चिमट्याने सेलच्या दोन्ही बाजू जोडल्या जाऊन शॉर्ट सर्किट होतं), नवा अधिकची खूण आधीच्या सेलसारखीच ठेवून बसवा. जुना सेल लगेच कागदात गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर. लहान मुलाने बटण सेल गिळला तर वाट बघायची नाही, थेट मोठ्या रुग्णालयात. अन्ननलिकेत अडकलेला सेल काही तासांत जखम करतो.

धुणं: वापरल्यावर टोक गार पाणी आणि साबणाने, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि कोरडं. गरम पाणी नको, ब्लीच नको. काखेत वापरलेली कांडी धुऊन तोंडात चालते. गुदद्वारात वापरायची वेगळी ठेवा आणि तिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावा.

आकडा वाचताना

९८.६ हा पवित्र आकडा नाही. जर्मन वैद्य वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस हे सरासरी तापमान मांडलं, त्याचं फॅरनहाइटमध्ये रूपांतर केलं की ९८.६ होतं. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांच्या तोंडातलं तापमान मोजलं तेव्हा सरासरी ९८.२ भरली, आणि संध्याकाळी चारच्या सुमारास ९९.९ पर्यंतही ते निरोगीच होते. पहाटे शरीर गार असतं, संध्याकाळी गरम. पाळीच्या चक्रात उत्तरार्धात स्त्रियांचं तापमान अर्धा-एक अंश फॅरनहाइट वर राहतं. वयस्कर माणसांचं मुळातच खाली असतं, म्हणून आजोबांचा ९९.५ हा नातवाच्या ९९.५ पेक्षा जास्त गंभीर असू शकतो. कांडी आणली की घरातले सगळे धडधाकट असताना तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून प्रत्येकाचा नेहमीचा आकडा डबीतल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढे ती चिठ्ठीच कांडीपेक्षा उपयोगी पडते.

तोंडात १०० फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे ताप, असं धरून चाला. काखेतला आकडा अर्धा ते एक अंशाने कमी येतो. त्यात स्वतःच भर घालून लिहू नका, ‘काखेत ९९.४’ असंच लिहा, डॉक्टर हिशेब करतील. तीन महिन्यांखालच्या बाळाला गुदद्वारात १००.४ भरला तर घरी थांबायचं नाही.

कांडी अचानक सेल्सिअस दाखवू लागली तर ती बिघडलेली नसते. बंद असताना बटण काही सेकंद दाबून धरलं की एकक बदलतं. ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४.

आजारपणात ताप लिहून ठेवायच्या तक्त्यात चार रकाने पुरतात: वेळ, आकडा, कुठे मोजला, औषध कधी दिलं. पॅरासिटामॉलची गोळी देण्याच्या आधी मोजा. गोळीनंतर तासाभरात मोजलेला ९९ हा गोळीचा आकडा आहे, आजाराचा नाही. रात्री झोपलेल्याला मोजण्यासाठी उठवू नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत या तक्त्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरतानाच येतो. थर्मामीटर ९८ दाखवत असताना पोटात जोराचं दुखत असेल, सारख्या उलट्या होत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, हातपाय गार पडले असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर तो ९८ बघून थांबू नका, तक्ता हातात घेऊन दवाखाना गाठा. आणि डेंग्यूचा संशय असेतोवर ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल द्या; ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.